नव्या नाण्यांचे टेबल

नाशिकच्या नाणेप्रदर्शनात मी आजच्या स्टीलच्या नाण्यांचा संग्रह मांडला होता. संग्राहक मंडळाचे अध्यक्ष कर्णिकसाहेब तो पाहून गरजले, "ही चिल्लर उचला! शंभर वर्षं जुनं असेल तेच नाणं."

मी नाणी आवरायला घेतली. शेजारच्या टेबलावरून कुमुदिनीताई म्हणाल्या, "साहेब, तुमचा राणीछाप रुपया इतका कोरा कसा हो?"

साहेब फुलले. "तो बाजारात फिरलाच नाही! टाकसाळीतून आला तसा कुणीतरी जपून ठेवला."

"म्हणजे नवा असतानाच जपला. त्या माणसाचं टेबलही तुम्ही उचलायला लावलं असतंत!"

सगळे हसले. साहेबही ओशाळून हसले आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. मी ताईंना नुसते हात जोडले. माझ्या वाटणीचे सगळे त्याच बोलून गेल्या होत्या.