तबलजीने पाहिलेली नाडी

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा नववीत सुटली ती सुटलीच, जड शब्द मला येत नाहीत. येतात तेवढ्या साध्या शब्दांत ही गोष्ट लिहितो.

"मग या पदवीचं मी आता करू काय?"

शार्दूलने विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

माई गोळ्यांच्या पुड्या बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कसली पदवी?"

"बी.ए. तबला घेऊन. विद्यापीठात पहिला आलो. सुवर्णपदक आहे."

"छान."

"छान काय, माई! कॉलेजात चौकशी केली तर म्हणाले, डॉक्टरीला याचा उपयोग शून्य. बारावीचं विज्ञान तेवढं धरतात. बाकी प्रवेश परीक्षा सगळ्यांसारखीच द्यायची."

"मग द्यायची."

"देणारच आहे. पण एवढी वर्षं घासलेली बोटं... ती कुठे ठेवू?"

माईंनी पुडीला शेवटची घडी घातली.

"सध्या मांडीवर ठेव. केव्हाची हलतायत."

ओसरीवर बसलेले आजारी लोक हसले. शार्दूलने बोटं आवरली.

बेलघोळच्या मठात या माई राहत. एके काळी त्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायच्या. नोकरी संपली तशी त्यांनी भगवी वस्त्रं घेतली आणि डोंगरात येऊन राहिल्या. सकाळी ओसरीवर दवाखाना चाले. दुपारी एखाददुसऱ्या पोराला त्या डॉक्टरीच्या परीक्षेसाठी तयार करत. ज्याला हो म्हणत त्याला वर्षभर पोटच्या पोरासारखं वागवत. नाही म्हटलं की मात्र नाही. मग कुणी कितीही पाया पडो.

शार्दूल गुरवांचा. देवळात पखवाज वाजवायची सेवा त्यांच्या घरात पणजोबांपासून चालत आलेली. हा तबल्याकडे वळला आणि नाव काढलं. मोठमोठे गवई त्याला साथीला बोलावत. त्याला अभिमान होता, आणि का नसावा? त्याच्या आळीत पदवी घेतलेला तो पहिलाच.

पण आईच्या आजारपणात तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसून बसून डॉक्टरी त्याच्या मनात शिरली. आई बरी होऊन घरी आली, चुलीपुढे बसली, भांडायलाही लागली. डॉक्टरी काही मनातून निघेना.

निघताना वडील एवढंच म्हणाले होते, "देवापुढची जागा सोडून चाललास, आता डॉक्टर होऊनच ये. अर्ध्यातनं परत आलास तर तिथं तुझा चुलतभाऊ बसलेला दिसंल."

म्हणजे माई नाही म्हणाल्या तर इथलंही गेलं आणि तिथलंही.

"हाडं येतात?" माईंनी विचारलं.

शार्दूल खुलला. तो याचीच वाट पाहत होता.

"मनगटाची म्हणू? आठ आहेत. मी कहरव्यात बसवलीत. त्या तालाच्या मात्राही आठच."

"कशात बसवलीत?"

 मांडीवर हात टाकला आणि सुरू झाला. "स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म... ट्रपेझियम, ट्रपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट!" आणि पुन्हा पहिल्या हाडावर असा काही आला, की ओसरीवरच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून आपोआप "वाहवा" निघून गेलं.

माईंच्या हातातली पुडी तशीच राहिली.

"परत म्हण."

त्याने दुपटीत म्हणून दाखवलं. एकही हाड निसटलं नाही.

"मेंदूच्या बारा नसा एकतालात आहेत," तो म्हणाला. "त्याही म्हणतो."

"बारा नसा एकतालात..." माई खुदकन हसल्या. "जन्मभर शिकवलं रे मी. पोरं रडायची त्या नसांपायी. मला नाही कधी सुचलं हे."

शार्दूलचा ऊर भरून आला. आता त्याला राहवेना.

"मग सांगा माई, ही पदवी शून्य कशी?"

"मी कुठे म्हटलं शून्य?"

"म्हणजे मला ठेवून घेताय?"

"तेही नाही म्हटलं." माई सतरंजीवर जरा पुढे सरकल्या. "नाडी बघशील?"

शार्दूल हसला. अगदी मनापासून हसला.

"माई, लय तर माझ्या बोटांतच आहे."

रांगेत पुढे ठकूआजी होत्या. वरच्या धनगरवाड्यातल्या. दर आठवड्याला उतरायच्या, गोळ्या घ्यायच्या आणि सगळ्यांची खबरबात घेऊन वर जायच्या. त्यांनी मनगट पुढे केलं.

"बघ लेका. पण वाजवू नगंस."

शार्दूलने अंगठ्याखाली तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याची मान हळूच डोलायला लागली. बैठकीत गवई छान रंगला की डोलायची, तशीच.

"एकदम कायम," तो म्हणाला. "सुंदर मध्य लय. हिच्यावर घड्याळ लावून घ्यावं."

ठकूआजी खो खो हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"आरं, माझं काळीज एवढं शाणं असतं तर हा डोंगर उतरून मी हितं कशाला आले असते?"

शार्दूलला कळेना यात हसण्यासारखं काय आहे.

माईंनी आजींचं दुसरं मनगट हातात घेतलं.

"तू ते धर. मी हे धरते. ठोका लागला की मी बोट उचलीन. डोळे उघडे ठेव."

माईंचं बोट वर झालं, खाली आलं. वर झालं, खाली आलं. शार्दूल मान डोलवत राहिला. त्याच्या बोटाखाली आणि माईंच्या बोटावर एकच चाल होती.

मग एकदा माईंचं बोट उठलंच नाही.

"माई," शार्दूल नम्रपणे म्हणाला, "तुमचा एक चुकला."

ओसरीवर कुणी तरी श्वास ओढला. माईंना असं कुणी म्हटलेलं तिथे आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"चुकला का?"

"हो. मला लागला तो."

"बरं. पुढे चल."

पुन्हा बोट वर, खाली, वर, खाली... आणि पुन्हा थांबलं.

"परत चुकला, माई."

"लागला तुला?"

"स्वच्छ लागला."

"तुला लागला, हे खरं," माई म्हणाल्या. "पण होता का?"

शार्दूलने बोटं जरा घट्ट दाबली.

"पायाकडे बघ."

त्याने खाली पाहिलं. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा सारवलेल्या जमिनीवर हलके हलके पडत होता. एकसारखा. त्याला स्वतःला पत्ता नव्हता.

त्याने पाय आवरला, मांडीखाली दाबून धरला. बोटं पुन्हा नाडीवर ठेवली.

ठोका. ठोका. ठोका.

आणि मग... काहीच नाही. आजींच्या सुरकुतलेल्या कातडीखाली अगदी शांत. त्या शांत जागेत त्याच्या मनाने एक ठोका टाकला, जिथल्या तिथे, नेमका. मग नाडी पुन्हा चालू झाली.

शार्दूलने हात मागे घेतला.

"मधे एक पडत नाही," तो पुटपुटला.

"कधी पाचवा पडत नाही, कधी अकरावा," माई म्हणाल्या. "त्याचंच औषध चालू आहे. आज या पहिल्यांदा आल्या असत्या तर? तू कायम म्हणालास. यांना घरी पाठवून दिलं असतं मी."

"आन् मीबी कायमची गेले असते," ठकूआजी म्हणाल्या.

या वेळी कुणी हसलं नाही.

शार्दूलची कानशिलं तापली होती. 

"माई, मला तेच शिकवलंय," तो म्हणाला. "गवई अडखळला तर ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही. त्याची मात्रा गेली तर आपण भरायची. त्याची चूक झाकायची. चांगल्या साथीदाराची खूणच ती. म्हणून तर मला बोलावतात. पदकसुद्धा..."



माईंनी आजींच्या हातात गोळ्यांची पुडी दिली.

"ठकूआजींनी तुला साथीला बोलावलं नव्हतं."

...

"मग सोडतो," शार्दूल एकदम म्हणाला. "तबला सोडतो. आजपासून हात लावणार नाही. जे शिकलो ते सगळं विसरून येतो, मग तर ठेवाल?"

"मग तर मुळीच नको."

"म्हणजे? तबला आहे तर नाडी चुकते. तबला टाकला तरी तुम्हाला नको. मी करू काय?"

 माईंनी पुढच्या माणसाला हाताने जवळ बोलावलं.

शार्दूल उठला. उठताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती. ठकूआजींच्या ते नजरेत आलं.

"माई, पोर गुर्मीचं हाय," त्या म्हणाल्या.

"आहे."

"मग?"

"तुम्ही आज वर जाऊ नका. मठात राहा. उद्या सकाळी याला पुन्हा हात द्या." मग शार्दूलकडे न बघताच माई म्हणाल्या, "उद्या जमलं तर जमलं. नाही तर घरी जायचं."

"माझ्या शेरडांना कोण बघंल?" ठकूआजी म्हणाल्या. पण पिशवी त्यांनी खाली ठेवली होती.

दुपारभर शार्दूल मठामागच्या कातळावर बसून होता. पुस्तक उघडं होतं, पान उलटत नव्हतं. घरी जाऊन काय सांगायचं ते त्याने मनात जुळवून पाहिलं. एकही वाक्य धड जुळेना.

मग कशावरून कोण जाणे, त्याला लहानपणचे वडील आठवले. पखवाजाला हात लावू द्यायच्या आधी ते त्याला नुसते समोर बसवायचे आणि ताल हातावर मोजायला लावायचे. टाळी, टाळी... आणि एका जागी टाळी द्यायची नाही, नुसता हात उघडायचा. ती खाली, म्हणजे तालातली रिकामी जागा. पोरगं चिडायचं. तिथे काही वाजतच नाही तर हात कशाला हलवायचा?

"वाजत न्हाई म्हणूनच," वडील म्हणायचे. "नायतर ती जागा तुझ्या ध्यानात कशी ऱ्हाईल?"

शार्दूल कातळावरून उतरला. पुस्तक मिटलं आणि मुकाट्याने जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळ्यांच्या आधी ओसरीवर आला. सतरंजी झटकून घातली. पाय मुडपून, अंगठे अंगाखाली दाबून बसला. ठकूआजी आल्या, समोर बसल्या आणि त्यांनी मनगट पुढे केलं.

त्याने डाव्या हाताची बोटं नाडीवर ठेवली. डोळे उघडे ठेवले. उजवा हात गुडघ्यावर.

माईंनी आजींचं दुसरं मनगट धरलं.

ठोक्याला शार्दूलचा हात गुडघ्यावर अलगद पडू लागला. पडला. पडला. पडला. लय बनली, आणि ती त्याला पुढे ओढू लागली. तो तिच्याबरोबर गेला नाही. प्रत्येक ठोक्यापाशी थांबून वाट बघत राहिला, दारावर कुणी थाप मारील म्हणून बसावं तसा.

आणि मग जिथे काही आलं नाही, तिथे त्याने हात उघडला. तळवा वर केला आणि रिकामा धरला.

माईंचं बोटही उठलं नव्हतं.

ठोका. ठोका. पुन्हा उघडा तळवा. मग बराच वेळ सगळं सरळ चाललं, इतकं सरळ की कुणालाही वाटावं आता नाहीच चुकणार. शार्दूल तरी वाट बघतच होता. चुकला. हात उघडला.

ओसरी हळूहळू भरली. कुणी खोकलं नाही.

माईंचं बोट आणि त्याचा तळवा यांचा मेळ एकदाही चुकला नाही.

"कायम आहे का रे?" माईंनी विचारलं.

"नाही, माई."

"मग कशी आहे?"

शार्दूलने जरा विचार केला.

"आजींची आहे."

"माझीच हाय," ठकूआजी म्हणाल्या. "आता सोड की हात, शेरडं वाट बघत्याती."

त्याने हात सोडला.  तो ताठ बसला होता. माईंकडे त्याने सरळ पाहिलं.

माईंनी गोळ्यांचा डबा उचलून पलीकडे ठेवला आणि सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली. शार्दूल उठून तिथे जाऊन बसला.

मग त्यांनी भगव्या पदरातून आपला हात बाहेर काढला, मनगट वर केलं आणि त्याच्या पुढ्यात धरलं.

"आता माझी बघ."