दोनशे जणांची आरती

शिरसवडीच्या देशमुखांना आपल्या त्रैराशिकाचा भारी गर्व. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि देवळाच्या नव्या घंटेचा नाद ऐकूनच डोळे मिटीन म्हणत होती. भिकोबा ओताऱ्याने घंटा ओतली खरी, पण दोन माणसं वारा घालत असली तरी मातीच्या साच्यात ती निवायला दहा दिवस लागणार होते.

देशमुख भर चावडीत गरजले, "दोन माणसांनी वारा घातला तर दहा दिवस ना? मग वीस माणसं लाव, एका दिवसात निवेल! साधं व्यस्त त्रैराशिक आहे, भिकोबा!"

घाईने निववली तर घंटा तडकणार, हे भिकोबा जाणून होता. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, गुरव एकटा आरती म्हणतो तेव्हा पाव घटका लागते. काल आपण दोनशे जण होतो. कितीशी लवकर संपली?"

चावडी खदखदून हसली. भिकोबाही हसला. देशमुखांनी मान खाली घातली आणि दहा दिवस दिले.

घंटा खणखणीत निघाली. म्हातारी मात्र आठव्याच दिवशी गेली होती.

पुढे कुणी त्या उत्तराची तारीफ केली की भिकोबा म्हणे, "उत्तर बरोबरच होतं हो. पण सरकार गणित मांडत नव्हते, आईसाठी दिवस मागत होते. मी हसायला नको होतं."