आजारी कोण?

एकदा एका शिष्येने गुरूचा मळा वाचवण्यासाठी आग पेटवली आणि गुरूने ती पायाने विझवली.

गुरू म्हणजे एक वृद्ध माळी. सगळे त्यांना आबा म्हणत. जांभळ्या शेंगांचा एक जुना घेवडा केवळ त्यांच्याच मळ्यात उरला होता. मडक्यातले बी भुंगा पोखरू लागला, म्हणून धड होते तेवढे सगळे त्या वर्षी पेरून टाकले होते. वेल गेले की वाण संपला. आणि नेमका वेलांवर लाल कोळी पडला, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांवर पिवळे ठिपके, खालून बारीक जाळी.

शिष्या दक्ष होती, जरा जास्तच. रोगट पान खुडून बांधाबाहेर जाळायचे, ही मळ्याची रीत तिच्या अंगात भिनली होती. कोपऱ्यातल्या वेलाच्या पानांखाली पांढरी बुरशी दिसताच तिने ती पाने खुडली, ढीग केला आणि काडी लावली. आबा धावत आले आणि पायाने आग विझवली. धुरात हात घालून त्यांनी उरलेली पाने काढली आणि बाभळीच्या काट्यांनी ती इतर वेलांवर टोचू लागले. वर पाणी शिंपडले, ओले गोणपाट पांघरले.

"आबा, एक रोग कमी होता का? रोगट पान जाळायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना?" तिला राग आला होता, आणि त्याहून भीती वाटत होती.

आबांनी गळ्यातले भिंग तिला दिले. "बघ. आजारी कोण आहे?"

तिने पाहिले. बुरशीखालचे पान हिरवे होते. कोळी मात्र तपकिरी होऊन पडले होते, भोवती पांढरी भुकटी. एक जिवंत कोळी त्या भुकटीतूनच चालत गेला.

"ही बुरशी पानाला काही करत नाही, पोरी. कोळ्याला धरते. मेलेल्याची भुकटी जित्याला लागते, तो ती पुढच्याला देतो. तिला ओल तेवढी हवी, ती आपण द्यायची. रोग दिसला की आपला हात आधी उठतो. रोग कुणाला झालाय, हे विचारायचं राहून जातं."

"आणि मी जाळलेली पानं?"

"ती गेली."

सगळे वेल वाचले नाहीत. शेवटच्या रांगेपर्यंत बुरशी पोचलीच नाही आणि ती रांग वाळली. जाळलेली पाने असती तर ती वाचली असती का, हे तिने विचारले नाही. मडक्याचा तळ झाकेल एवढे बी मात्र मिळाले. आबांनी ते मडके तिच्याच हाती दिले, तेव्हा तिला रडू आले.

मळ्याची रीत तिने मोडलेली नाही. रोगट पान तिथे आजही जाळतात, फक्त त्याआधी ते उलटून पाहतात.