हपुषेच्या पायाशी

सांगा बरे, आपल्या लेकीचे झाड झाले, तर बापाने काय करावे?

एका राज्यात, जिथे वाळवंटाला खोल घळ पडली होती, तिथे राजा शूरकेतू राज्य करीत होता. त्याची कन्या चारुलेखा. एका मांत्रिकाने तिला मागणी घातली. ती नको म्हणाली. तेव्हा त्याने घळीच्या खडकाळ उतारावर तिचे हपुषेचे झाड केले. खवल्यांसारखी बारीक पाने, निळी फळे, दोऱ्या सुटलेली साल. जाताना तो म्हणाला, "हा उतार तुला आपली म्हणेल, तेव्हाच सुटशील. सुकलीस, तर कायमची गेलीस."

त्या राज्यात रीत अशी, की ज्याच्यावर आपला जीव, त्याचे अंगण आपल्या हाताने झाडायचे. राजाने केरसुणी घेतली. लेकीभोवतीचे गवत उपटले, कडू वासाची झुडपे खणून काढली, मातीवर शेवाळासारखी धरलेली काळी खरबरीत पापडी खरवडली. सगळे पाणी तिला एकटीला मिळावे, एवढाच हेतू. अंगण लख्ख झाले. हपुषा मात्र पिवळी पडली.

राणी मृणालवती म्हणाली, "इतके झाडता, महाराज, मग लेक का वाळते?"

हपुषेच्या फांदीवर बसलेला एक निळा पक्षी बोलला, "तिचे शेजारी तूच उठवलेस, राजा. आता माती कोण धरील? पाणी कोण अडवील?"

"मग मी काय करू, पक्षीराज?"

"तीन कामे. गवत, झुडपे पुन्हा लाव. काळी पापडी धरेपर्यंत तिच्यावर पाऊल टाकू नकोस. तिसरे आत्ता सांगत नाही. पळून जाशील."

राजाने पलीकडच्या उतारावरून मुळांच्या मातीसकट गवत आणले, झुडपे आणली. मग तो खडकावरून खडकावर उड्या मारीत लेकीला भेटायला जाऊ लागला.

"या वयात बेडूक झालात हो," राणी हसून म्हणाली.

पापडी धरायला वर्षे लागली. राजाचे केस पिकले. मग मोठा दुष्काळ आला आणि हपुषेची एक फांदी सुकू लागली. राजा घडा घेऊन धावला.

"थांब," पक्षी म्हणाला. "हेच तिसरे काम. पाणी घालू नकोस. हपुषा एक फांदी सोडते आणि बाकीच्या जगवते. तिचे तिला ठरवू दे."

"तो तिचा हात असला तर?"

"असेलही."

राणी हळूच म्हणाली, "लहानपणीही ती स्वतःचेच खरे करायची. करू द्या."

राजाने घडा खाली ठेवला. फांदी वाळली. बाकीचे झाड हिरवे राहिले.

पक्ष्याने हपुषेच्या सावलीत चिलगोज्याचे बी पुरले होते. एक सर पडली आणि तिथे रोप उगवले. उघड्या उन्हात ते जगले नसते. रोपाने मुळी खाली सोडली, ती हपुषेच्या मुळाला टेकली, आणि साऱ्या उताराने चारुलेखेला आपली म्हटले. साल उकलली. चारुलेखा बाहेर आली. झाड तिथेच उभे राहिले, आणि मांत्रिकाची विद्या तत्क्षणी मावळली.

"बाबा, जपून," ती म्हणाली. "रोपावर पाय द्याल."

राणीने तिचा हात हातात घेतला. करंगळी नव्हती.

"दुखते का ग?"

"नाही, आई. मीच सोडली ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलेखेने पोटभर भाकरी खाल्ली आणि आईच्या मांडीवर पुन्हा झोपली.