‘आलोच’ न म्हणणारं पाणी

पळसटोलीच्या तलावावर काठाशी उभं राहून तुम्ही डोंगेवाल्याला हाक मारलीत आणि तो डोंगा ढकलायचा बांबू नुसता वर करून गप्प राहिला, तर रागावू नका. बहिरा नाही तो, आणि माजलेलाही नाही. बांबू वर गेला म्हणजे ऐकलं आणि निघाला. शहरातून आलेले लोक इथं उभे राहून घसा फोडतात, "अहो, येता की नाही ते तरी बोला!" बोलणार नाही तो. डोंग्याचं नाक या काठाच्या चिखलात रुतेल, तेव्हाच तोंड उघडेल आणि म्हणेल, "आलो. बसा." आणि ‘आलोच’ हा शब्द तर आमच्या इथं माणूस घरात जेवायला बोलावल्यावरसुद्धा काढत नाही. या पाण्यावर ‘च’ चालत नाही.

हसलात? हसा. सगळेच हसतात आधी. डोंगा यायला वेळ आहे, तोवर या जांभळीखाली बसा आणि ऐका.

ते मधोमध टेकाड दिसतं ना, काळ्या खडकाचं, त्याला बाईचं टेकाड म्हणतात. तिथं पूर्वी एक शिंदीचं झाड होतं म्हणे. आता बुंधादेखील नाही. या तलावावरचे मासेमार ढिवर तेव्हा उन्हाळाभर पाण्यावरच राहायचे. चैत संपला की गावातल्या विहिरी तळाला जायच्या, घरांच्या भिंती रात्रीसुद्धा गरम लागायच्या. मग एकेक घर दोन डोंगे शेजारी-शेजारी बांधायचं, त्यांवर बांबूची ताटी टाकायचं, वर शिंदीच्या पानांचं छप्पर. एका कोपऱ्यात ओल्या मातीवर चूल. पाण्यात लोंबकळत ठेवलेलं आंबिलीचं मडकं. चालू लागलेल्या पोराच्या कमरेला दोरी आणि पाठीला वाळका भोपळा, म्हणजे पडलं तरी तरंगतं. कोंबड्याही डोंग्यावर, धुणंही डोंग्यावर, भांडणंही डोंग्यावर. शेजारणीशी वाजलं की बांबू टेकायचा आणि घरच चार हात लांब न्यायचं. असं सुख आता कुठं आहे सांगा!

अशाच एका जोडडोंग्यावर सुकरू राहायचा, बायको सगुणेसह. माणूस वाईट नव्हता हो. हातात कला होती, जाळं टाकावं तर त्यानंच. पण अंगात आळस असा, की माशी बसली तर दुसऱ्यानं हाकलावी. आणि तोंडात एकच शब्द, ‘आलोच’. सगुणा म्हणायची, लाकडं फोडून द्या, की "आलोच". कोणी म्हणायचं, जाळं ओढायला हात लाव, की "आलोच". लोक हसायचे. सगुणा म्हणायची, "यांचं ‘आलोच’ म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट." तोही हसायचा. कोणाचं काही बिघडत नव्हतं तोवर.

आई लवकर गेलेली. त्याला लहानाचं मोठं केलं ते भागरतानं, थोरल्या बहिणीनं. तिला तो ‘बाई’ म्हणायचा. सासरी गेली तरी अक्षय तृतीयेला ती माहेरी यायचीच, कारण त्या दिवशी आईच्या नावानं पाण्याची घागर ठेवायची असते, आणि आईच्या नावाचा दगड होता टेकाडावर. त्या वर्षीही आली. सकाळी तिनं भावाच्या डोंग्यावर पुरणपोळी केली, आमरस केला, त्याला जवळ बसवून वाढलं. "आणखी घे रे, वाळलास किती," म्हणाली. तो वाळला नव्हता मुळीच. पण बहिणींना ते तसंच दिसतं.

जेवण झाल्यावर सुकरूनं तिला सुटा डोंगा काढून टेकाडावर सोडलं. "पूजा झाली की हाक मारतो मी, न्यायला ये," ती म्हणाली. बायका आमच्याकडे असंच बोलतात, मारतो, जातो. तो परत येऊन छपराखाली आडवा झाला. पोट भरलेलं, खालून पाण्याचा गारवा, वरून वारा. टेकाडावरून हाक आली, "सुकरूऽऽ!"

टेकाडाचा तो खडक मोठा बोलका आहे. कोणतीही हाक दिली की जशीच्या तशी परत देतो. तेव्हाही द्यायचा. सुकरूनं पडल्या पडल्या ओरडून ओ दिली, "आलोऽऽच!" खडकानंही म्हटलं, आलोच. भागरतेला ते दोनदा ऐकू आलं असणार.

मग त्यानं कूस बदलली. पुन्हा हाक आली. पुन्हा "आलोच." सणाचा दिवस म्हणून सगुणा आणि आजूबाजूच्या डोंग्यांवरचे सगळे काठावर गेले होते, नाहीतर तिनं त्याला ढकलून उठवला असता. तिसरी हाक आली ती त्यानं ऐकली, पण ओ द्यायलाही तोंड उघडलं नाही. आता उठतो, आता उठतो, असं म्हणता म्हणता त्याचा डोळा लागला. दुसरं काही नाही. वैर नाही, राग नाही, नुसता आळस.

त्याच वेळी टेकाडाजवळून झिबल चालला होता. झिबल म्हणजे सुकरूच्याच वयाचा, बोलायला फटकळ, कामाला खरा. पश्चिमेकडे काळं चढत होतं ते त्याला दिसलं. त्यानं डोंगा टेकाडाला लावला आणि म्हणाला, "चला भागरताबाई, आभाळ बरं दिसत नाही. सोडून देतो."

भागरता म्हणाली, "नको रे बापा. माझा सुकरू आलोच म्हणाला. तो इतक्यात येईल आणि मी तुझ्यासंग गेलेली दिसली, तर त्याला काय वाटेल? बहिणीला भरवसा नाही म्हणेल."

झिबल दोनदा म्हणाला. ती हलली नाही. पदर नीट करून शिंदीखाली बसली, तोंड भावाच्या डोंग्याकडे करून. झिबल निघाला.

वैशाखातलं वादळ कसं येतं हे तुम्हाला ठाऊक नसेल. आधी वावटळ, मग टपोरे थेंब, मग सुपानं ओताव्या तशा गारा. सुकरू जागा झाला तो छप्पर उडाल्यावर. पहिला शब्द त्याच्या तोंडून निघाला तो "बाई!" त्यानं डोंगा सोडला, पण लाटा त्याला मागं फेकत होत्या. अर्ध्या पाण्यात असताना टेकाडावर वीज पडली. ती त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. पोचला तेव्हा शिंदी उभी जळत होती आणि खाली भागरता बसलेली होती, तशीच, त्याच्याच बाजूला तोंड करून. आईच्या दगडापुढची घागर काठोकाठ भरलेली होती.

भागरतेचे दिवस झाले आणि पंच बसले. झिबल टेकाडावरून येताना लोकांनी पाहिला होता. म्हाताऱ्या पंचानं विचारलं, "आभाळ दाटलेलं दिसत होतं, बाई एकटी होती, आणि तू तिला टाकून आलास?"

झिबल म्हणाला, "टाकून नाही आलो. भाऊ येतो म्हणाली ती. यानं ओ दिली होती."

सगळ्यांनी सुकरूकडे पाहिलं. पंचानं विचारलं, "दिली होतीस का रे ओ?"

आणि सुकरू म्हणाला, "नाही. मला तर हाक ऐकूच आली नाही."

पाहा, इथंही ‘च’. ‘ऐकू आली नाही’ म्हणाला असता तर कदाचित कोणी आणखी एखादा प्रश्न विचारला असता. ‘ऐकूच’ म्हटल्यावर काय विचारणार? रडून रडून डोळे सुजलेला भाऊ, त्याला खोटं कोण पाडणार? पंचांनी झिबलाचा डोंगा काठावर ओढून पालथा घातला. बाईला टाकणाऱ्यानं पाण्यात उतरायचं नाही, असा निवाडा झाला. झिबल सुकरूकडे बघून थुंकला आणि चालू लागला.

ढिवराचा डोंगा पालथा घालणं म्हणजे चुलीत पाणी ओतणं. सगळं गाव पाण्यावर गार वाऱ्यात, आणि झिबलाची बायकापोरं तापल्या काठावर, त्या पालथ्या डोंग्याच्या सावलीत सरकत सरकत बसलेली. सुकरूला आपल्या छपराखालून ते रोज दिसायचं. त्यानं डोंगा लांब नेला, तरी दिसायचं. पाठ करून जेवायला बसला, तर घास गिळवेना. आमरस पुढं आला की भागरतेचा हात आठवायचा. सगुणेला वाटायचं, बहिणीचं दुःख आहे, उतरेल हळूहळू. दुःख असतं तर उतरलं असतं. ते दुःख नव्हतं.

आणि मग ती गोष्ट झाली, असं सांगतात. एका दुपारी दोघं टेकाडाजवळून जात असताना सगुणेनं नणंदेच्या आठवणीनं हाक घातली, "बाईऽऽ!" खडक म्हणाला, बाई. सुकरूला राहवलं नाही. त्यानंही हाक घातली, "बाईऽऽ!"

खडक गप्प.

त्यानं पुन्हा घातली, जोरात, हात तोंडाशी धरून. काही नाही. पाण्यावर पाणी वाजत राहिलं. सगुणा सहज बोलून गेली, "अगंबाई! बाईंनी तुमच्याशी अबोला धरलाय की काय?" ती थट्टेनं म्हणाली बिचारी. पण वर पाहिलं तर नवऱ्याचं तोंड राखेसारखं झालेलं. "काय केलंत तुम्ही?" तिनं विचारलं, आणि त्यानं तिथंच, डोंग्यात, तिला सगळं सांगितलं. सगुणेनं बांबू टेकून डोंगा काठाकडे वळवला. मग म्हणाली, "मला काय सांगता? मी का उन्हात बसलेय?"

भर उन्हात सुकरू काठावर उतरला. झिबलाच्या डोंग्यापाशी गेला आणि एकट्यानं तो सुलटा करू लागला. चार माणसांचं काम ते. लोक डोंगे घेऊन जमा झाले, पंच आले, "निवाडा मोडतोस?" म्हणून ओरडले. सुकरू रडत रडतच म्हणाला, "निवाडा खोटा आहे. हाक आली होती. एक नाही, तीन. मी आलोच म्हणालो आणि झोपलो. माझ्या बोलावर ती बसून राहिली, आणि मी झिबलाच्या पोरांना उन्हात बसवलं. मला मारा, पण हा डोंगा पाण्यात जाऊ द्या."

पंचांनी झिबलाला विचारलं, "तूच बोल. याला काय दंड करायचा?"

लोकांना वाटलं, आता झिबल याचा डोंगा फोडायला सांगणार. झिबल पुढं आला. त्यानं क्षमा-बिमा काही केली नाही, तसला माणूसच नव्हता तो. म्हणाला, "मला याचं काही नको. फक्त यानं ‘येतो’ म्हटलेलं मला पुन्हा ऐकायचं नाही. कोणाची हाक आली तर बांबू वर कर आणि नीघ. टेकलास की मग सांग आलो म्हणून. तोवर तुझ्या बोलण्याला या पाण्यावर किंमत नाही."

त्या दिवसापासून सुकरू तसाच वागला. पाण्याच्या कोणत्याही कोपऱ्यातून हाक येवो, हातातला घास टाकून बांबू वर करायचा आणि निघायचा. आळस कुठं गेला कोण जाणे. त्याचं पाहून पोरं तसंच करू लागली, मग पोरांची पोरं. आणि दर अक्षय तृतीयेला तो भरली घागर घेऊन टेकाडाला जायचा. डोंगा खडकाला टेकला की हात जोडून म्हणायचा, "बाई, आलो."

खडक कधीच बोलला नाही. केस पांढरे झाले, बांबू धरवेना, तरी जायचा. सगुणा म्हणायची, "पुरे झालं आता, किती छळाल जिवाला?" तो म्हणायचा, "तिनं त्या दिवशी किती वाट पाहिली असेल, ते मला कुठं ठाऊक आहे?"

सुकरू गेला त्याच्या पुढच्या अक्षय तृतीयेला सगुणा घागर घेऊन काठावर बसली. कोणाला सांगावं, टेकाडावर ने म्हणून? हाक मारायच्या आतच एक डोंगा येऊन टेकला. झिबल होता. कमरेत वाकलेला, पण बांबू त्याच्याच हातात. "आलो. बसा वहिनी," म्हणाला. टेकाडापाशी डोंगा लागला, सगुणेनं दोन घागरी ठेवल्या, एक सासूची, एक नणंदेची. आणि झिबलानं, ज्यानं सुकरूच्या शब्दावर जन्मभर विश्वास ठेवला नव्हता, त्यानं खडकाकडे तोंड करून मोठ्यानं सांगितलं,

"भागरताबाई, सुकरू आला!"

आणि खडक म्हणाला, "आला... आला..."

सगुणा तिथंच मटकन बसली आणि पोटभर रडली, असं सांगतात.

आजही अक्षय तृतीयेला सगळे डोंगे त्या टेकाडाभोवती जमतात, कोणी चकार शब्द काढत नाही, आणि झिबलाच्या घरातलं कोणीतरी सुकरूच्या नावानं ग्वाही देतं. खडक दर वर्षी उत्तर देतो. तुम्ही हवं तर जाताना त्याला काहीही हाक मारून बघा, परत मिळेल. पण ‘आलोच’ म्हणून बघू नका. खडक त्याला उत्तर देत नाही म्हणतात. आम्ही कोणी कधी म्हणून पाहिलेलं नाही, आणि तुम्हीही पाहू नये.

उठा आता. तुमचा डोंगा टेकला. डोंगेवाला काय म्हणतोय, ऐका.