उचललेला पाय

“…मग तो पाय कुणाचा होता, उस्ताद? माझा की तुमचा?”

दस्तगीर उस्ताद दर्ग्याच्या पायरीवर बसून कालची सुकलेली फुलं टोपलीत गोळा करत होते.

दर्गा घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढण्याआधी ड्रायव्हर इथं गाडी थांबवतात, हात जोडतात, समोरच्या टपरीवर चहा पितात. उस्तादांनी उभी हयात ट्रकवर काढली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते स्वतःहून खाली उतरले आणि दर्ग्याची झाडलोट करायला लागले. या रस्त्यावरचे कितीतरी ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली शिकले होते.

बिरू त्यातला सगळ्यात हुशार. सगळ्यात गर्विष्ठही तोच. आपल्या गाडीला कधी ओरखडा नाही हे तो भेटेल त्याला सांगायचा.

गेल्या महिन्यात त्याच्या गाडीखाली एक बाई गेली. तेव्हापासून तो काही सांगत नव्हता.

“बोला की, उस्ताद. पोलीस बोलले. मालक बोलला. तुम्हीच तेवढे गप्प.”

“काय बोलले ते?”

“माझी चूक नाही म्हणाले.”

“मग?”

“मग काय… डोळा लागत नाही.”

टपरीवरून सर्जेराव ओरडला. तो दुधाचा टँकर चालवायचा.

“बिऱ्या, उस्तादांचं डोकं खाऊ नको! तुला तेव्हाच सांगितलं होतं, ब्रेक आपोआप दाबणाऱ्या-सोडणाऱ्या त्या एबीएसचा फ्यूज काढून टाक म्हणून. मी गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी काढला. माझ्या पायाला शहाणपण शिकवणारी गाडी मला नको.”

बिरूने मान वळवली नाही.

“आणि उद्यापासनं म्हणं तुला आणखी शहाणी गाडी मिळतेय,” सर्जेराव म्हणाला. “पट्टा सोडला की ओरडते. जांभई दिली की ओरडते. पुढं कुत्रं आलं की स्वतःच थांबते. मग पगार पण तिलाच द्या की! आपण मागं बसून भजी खाऊ.”

टपरीवाला हसला. उस्तादांनी नुसतं वर पाहिलं. सर्जेरावने उरलेला चहा घशात ओतला, दर्ग्याकडे बघून घाईने कपाळाला हात लावला आणि निघून गेला.

टँकरचा आवाज वळणाआड गेला तेव्हा उस्ताद म्हणाले, “पहिल्यापासनं सांग.”

“तुम्हाला माहीत आहे सगळं.”

“दुसऱ्यांनी सांगितलं. तू नाही.”

बिरू खालच्या पायरीवर बसला.

“सकाळची पाळी होती. कारखान्याचे लोक घेऊन निघालो होतो. बसमध्ये निम्मे झोपलेले. गळिताचा हंगाम… रात्रभर उसाच्या ट्रॉल्या गेलेल्या. ओढ्याच्या वळणावर ऊस सांडला होता. चाकांनी चिरडून नुसता चिखल झाला होता, पाचट आणि रस.”

“हं.”

“वळण घेतलं आणि ती दिसली. खाली वाकली होती. काखेत ऊस धरला होता, आणखी वेचत होती.”

“मग?”

“ब्रेक मारला. आणि पॅडल थरथरलं, उस्ताद. पायाखाली बेडूक यावा तसं. जिवंत असल्यासारखं… मी पाय उचलला.”

उस्तादांचा फुलांतला हात थांबला.

“परत दाबला. परत थरथरलं. परत उचलला. दाब, सोड, दाब, सोड. जसं तुम्ही शिकवलं तसं. एका तालात.”

“गाडी?”

“सरळ राहिली.” बिरूचा आवाज क्षणभर पूर्वीसारखा झाला. “इतका चिखल होता, पण जरासुद्धा घसरली नाही. तुम्ही बघितलं असतं तर शाबास म्हणाला असता.”

मग त्याने स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं.

“हातभर, उस्ताद. हातभर अलीकडे थांबली असती तर…”

एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत घाट चढू लागला. दोघंही त्याचा आवाज ऐकत राहिले.

“ही गाडी निराळी आहे, असं कुणी सांगितलं नव्हतं तुला?” उस्तादांनी विचारलं.

“सांगितलं होतं.”

“कुणी?”

“गाडीच्या कंपनीनं सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं होतं. एका साहेबानं फळ्यावर चित्र काढलं. म्हणाला, दाबायचं सोडायचं काम आता गाडी स्वतः करते, तुमच्या पायापेक्षा कितीतरी झटपट. चाक जाम होत नाही. तुम्ही फक्त पूर्ण दाबून धरा. पॅडल थरथरेल, ते थरथरायलाच पाहिजे. घाबरून पाय उचलू नका, उचललात तर गाडी पुढं जाऊन थांबेल.”

“आणि तू?”

बिरूने पायरीवरचा चुना नखाने खरवडला.

“मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, ब्रेकवर उभा राहतो तो ड्रायव्हर नव्हे, दगड. माझ्या उस्तादाचं वाक्य आहे. तुम्ही कधी घाट उतरवलाय का? …सगळे हसले. टाळ्या पडल्या. साहेब पण हसला बिचारा. खाली बसलो तेव्हा छाती अशी फुगली होती माझी.”

उस्तादांनी आणखी मूठभर फुलं टोपलीत टाकली.

“तुम्हाला आठवतं? मी पाय उचलला नाही की तुम्ही पान्ह्यानं गुडघ्यावर मारायचा. ‘चाकाला श्वास घेऊ दे, गाढवा!’ अजून इथं हाड दुखतं थंडीत.”

“आठवतं.”

“मग आता सांगा. ते चुकीचं होतं?”

“नाही. त्या गाड्यांना तेच बरोबर होतं. चाक जाम झालं असतं तर तू केव्हाच दरीत गेला असतास.”

“मग साहेब चुकला?”

“तू सांग.”

“…नाही. त्यानंही बरोबर तेच सांगितलं होतं.”

“गाडी?”

“तपासली. काही बिघाड नाही.”

“आणि ती बाई?”

“ती… ती ऊस वेचत होती. रस्त्यात होती म्हणून पोलिसांनी तिचीच चूक लिहिली.”

“तुला काय वाटतं?”

“तिचं काय चुकलं? सांडलेला ऊस तर वेचत होती.”

“म्हणजे कुणीच चुकलं नाही.”

“नाही.”

“मग ती मेली कशी, बिरू?”

वारा आला. टोपलीतली चार फुलं पायरीवर सांडली. उस्तादांनी ती उचलली नाहीत.

“नाव काय तिचं?”

“ऊसतोडीला आली होती. तिकडची, मराठवाड्यातली.”

“नाव विचारलं मी.”

“कौसल्या.”

“घरचं कुणी भेटलं?”

“नवरा. दवाखान्यात आला होता. मला वाटलं, मारेल. मी हात खाली सोडून उभा राहिलो… मारू दे म्हटलं. त्यानं विचारलं, तुम्हीच होता का गाडीवर? मी व्हय म्हणालो. तर म्हणाला, तिनं वेचलेला ऊस कुठं पडलाय? बैल कालपासनं उपाशी आहेत.”

बिरूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“मी दाखवला, उस्ताद. मीच त्याला परत त्या वळणावर घेऊन गेलो. दोघांनी मिळून गोळा केला. भारा बांधला. मी त्याच्या डोक्यावर चढवला… त्यानं मला बरं झालं म्हटलं. आणि गेला.”

उस्तादांनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

मग बिरूने मूळ गोष्ट काढली. त्यासाठीच तो आला होता.

“उद्या सकाळी नवी गाडी घ्यायची आहे. घेऊ का नको, तेवढं सांगा.”

“मालक काय म्हणतो?”

“म्हणतो, ही तर स्वतःच बघते, स्वतःच थांबते. तुझ्या हातून आता कुणी मरायचं नाही. झोपलास तरी चालेल… असं म्हणाला, हसत.”

“मग घे.”

“गेल्या महिन्यात कुठं होती ही गाडी? तेव्हा का नाही आली?”

उस्तादांनी टोपली जवळ ओढली.

“आणि समजा, एखाद्या दिवशी तिला नाही दिसलं तर? धुकं असतं. चिखल उडतो. साहेबच म्हणाला की तिच्या डोळ्यावर चिखल बसला तर तिला दिसत नाही. म्हणजे शेवटी पाय माझाच. आणि माझा पाय तर तुमचा आहे, उस्ताद. तो माझं ऐकत नाही!”

“मग सोड गाडी.”

“गाडी सोडली तर मी कोण? मला दुसरं येतं काय?”

“मग घे.”

“चेष्टा करू नका!” बिरू ताडकन उठला. “घे म्हणता, सोड म्हणता. इतकी वर्षं तुमचा शब्द खाली पडू दिला नाही मी. लोकांना सांगत फिरलो, माझा उस्ताद असा, माझा उस्ताद तसा. आज एक गोष्ट विचारतोय… एक!”

उस्तादांनी टोपली बाजूला ठेवली. भिंतीला धरून ते हळूहळू पायऱ्या उतरले आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. मग त्यांनी उजवा तळहात उताणा करून फरशीवर ठेवला.

“बस. पाय ठेव यावर.”

“काय बोलता! तुमच्या हातावर? मी?”

“चप्पल काढ. ठेव.”

“उस्ताद, लोक बघतायत…”

“ठेव म्हटलं ना.”

बिरू पायरीवर बसला. त्याने टाच फरशीवर टेकवली आणि चवडा म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवला. न दाबता, नुसता टेकवला.

“वळण आलं,” उस्ताद म्हणाले. “ती दिसली.”

पाय आपोआप चालू लागला. दाब, सोड, दाब, सोड. एका तालात.

“छान,” उस्ताद म्हणाले. “मी शिकवलं तसंच.”

बिरूचा चेहरा पडला.

“आता साहेबानं सांगितलं तसं. दाबून धर. …ती दिसली.”

बिरूने दाबला. चवड्याखाली उस्तादांचा हात थरथरू लागला. ते मुद्दाम करत होते की वयानं होत होतं, कळत नव्हतं.

पाय उचलला गेला.

“परत.”

पाय उचलला गेला.

“परत.”

“मला कळतंय हो! डोक्यात सगळं आहे माझ्या. दाबून धरायचं, एवढंच तर आहे!”

“डोक्याला कुणी विचारलं? ती दिसली.”

पाय उचलला गेला.

टपरीवाला हातातला ग्लास विसळायचा थांबून बघत होता. बिरूच्या ते ध्यानात आलं, पण त्याला आता त्याचं काही वाटलं नाही. तो रडत होता. लहान मूल पाटीवर तेच अक्षर पुन्हा पुन्हा चुकतं तसा तो तेच करत होता. दाबत होता आणि उचलत होता.

“नाही जमणार, उस्ताद. हा पाय मेल्यावरच सुधारेल.”

“ती दिसली.”

या खेपेला बिरूने दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवले आणि सगळा भार टाकून गुडघा खाली दाबून धरला, दुसऱ्या कुणाला धरून ठेवावं तसा. चवडा म्हाताऱ्याच्या हातावर रुतला. हात थरथरला. मांडी वर यायला धडपडली. बिरूने दात आवळले.

पाय उचलला गेला नाही.

हात थरथरतच होता. बोटांची पेरं फरशीवर घासून पांढरी पडली होती.

“जमलं…” बिरू पुटपुटला. “उस्ताद, जमलं. बघा, नाही उचलला.”

त्याने खाली पाहिलं.

“तुमच्या हाताला लागतंय.”

उस्तादांनी हात काढला नाही.

घाट उतरून एक गाडी आली, गेली. तिची धूळ खाली बसली. टपरीवाला ग्लास घेऊन आत गेला. बिरूच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मांडीत गोळा आला होता.

“आता उचलू का?”

“नको.”

“…किती वेळ?”

उस्तादांनी मोतीबिंदूचे डोळे रस्त्याकडे वळवले. रस्ता दूरवर मोकळा होता.

“ती अजून वाकलेलीच आहे.”