विकतच्या दाण्यांची ओटी

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो. आणि मोठ्यांनो, तुम्ही उठून जाऊ नका, कारण ही मुळात तुमचीच गोष्ट आहे.

एका नदीकाठी एक गाव होतं. जमीन काळीभोर, जोंधळा पुरुषभर उंच. त्या मुलखात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की आई तिच्या ओटीत खणा-नारळाबरोबर माहेरच्या शेतातला निवडक जोंधळा घालायची. पुढे पेरणीच्या दिवशी नवी सून तो आपल्या हातानं सासरच्या शेताच्या एका कोपऱ्यात पेरायची. उगवून आला की लोक म्हणायचे, पोर या घरात रुजली.

मग नदीच्या मुखाशी परदेशची गलबतं येऊ लागली. त्यांना हवी होती हळद. एक व्यापारी गावात आला आणि असा भाव देऊ लागला की ऐकणाऱ्याचे डोळे फिरावेत. शिवाय तो समुद्रापलीकडचा जोंधळा आणून विकायचा. तिकडचा राजा आपल्या शेतकऱ्यांना खजिन्यातून मदत करायचा, म्हणून इथं पिकवण्यापेक्षा तिकडचा विकत घेणंच स्वस्त पडे. व्यापारी काही लबाड नव्हता हो. त्यानं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की एवढ्या लांबच्या प्रवासात कीड लागू नये म्हणून हे दाणे भट्टीत चांगले तापवून घेतले आहेत.

गावचा पाटील हिशेबी माणूस. त्यानं चावडीवर लोकांना समजावलं, की हळद लावा, हळद विका आणि जोंधळा विकत खा. उगीच दुहेरी राबायचं कशाला? लोकांना पटलं. जो जोंधळा पेरी त्याला खुळा म्हणू लागले, आणि काही वर्षांनी खुळा म्हणायलाही कुणी उरलं नाही. बियाण्याच्या कणग्यांत हळद भरली गेली. घरांवर कौलं चढली, बायकांच्या अंगावर सोनं आलं. खोटं कशाला बोलू, गाव मजेत होतं.

पाटलाला एकुलती एक लेक होती, सगुणा. तिचं लग्न डोंगरावरच्या गावात ठरलं. तिथवर व्यापाऱ्याच्या गाड्या चढत नसत, म्हणून ते लोक अजून आपलंच पेरत आणि आपलंच खात. लग्न जवळ आलं तशी पाटलीण ओटीचं बी शोधत घरोघर फिरली. कुणाकडे चिमूटभर निघेना. बायका कानकोंड्या होऊन पुढच्या घराकडे बोट दाखवायच्या. ती रडकुंडीला येऊन परतली. पाटील म्हणाला, एवढं काय मनाला लावून घेतेस, गलबतातला जोंधळा बघ कसा टपोरा आहे, भर त्याचीच ओटी. तो भट्टीतला आहे, उगवायचा नाही, असं तिनं म्हटलं तर पाटील हसला.

"अगं, नुसता मान असतो तो. आजकाल जोंधळा पेरतंय कोण?"

झालं! त्याच्या गावात कुणी पेरत नव्हतं, म्हणून त्याला वाटलं की जगातच कुणी पेरत नाही.

सगुणा सासरी गेली. पेरणी झाली, पाऊसही बरा झाला. सगळं शेत हिरवं झालं आणि सगुणाचा कोपरा तेवढा उघडा राहिला. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? कुणी म्हणालं हिचा हात वाईट, कुणी म्हणालं पायगुण वाईट. तिला बियाण्याला शिवायची बंदी झाली, मग खळ्यावर यायची बंदी झाली. शेजारणी आपली तान्ही पोरं तिच्या समोरून उचलून नेऊ लागल्या. शेवटी तिला कायमची माहेरी धाडायचं ठरत आलं आणि व्याह्यांनी पाटलाला बोलावणं पाठवलं.

पाटील डोंगर चढून गेला. वाटेतच त्याला कोणीतरी कोपऱ्याची हकिगत सांगितली आणि उरलेला चढ तो भर उन्हात न थांबता चढला. लेक गोठ्यामागे एकटी शेण्या थापत होती. वाळून काडी झाली होती. दाणे कुठले होते हे तुला ठाऊक होतं, मग सांगितलं का नाहीस, असं त्यानं विचारलं.

सगुणा म्हणाली, "आबा, पाटलाच्या घरात लेकीच्या ओटीपुरतं बी नव्हतं, हे मी कुठल्या तोंडानं सांगू? मला नावं ठेवतात तर ठेवू देत. तुमची मान खाली जायला नको."

धरणीनं पोटात घ्यावं असं पाटलाला वाटलं. चावडीवर शहाणपण शिकवलं आपण, आणि भोगते आहे ही पोर.

तो तसाच उठून देवळापुढच्या पारावर गेला. तिथं व्याही बसले होते, गावही बसलं होतं.

"माझ्या पोरीचा हात चांगला आहे," तो म्हणाला. "बीच मेलेलं होतं. आणि ते मी दिलं, तिची आई नको म्हणत असताना दिलं."

मुलीचा बाप लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, अशी त्या काळची रीत. पण पाटलानं खांद्यावरचं उपरणं काढलं, व्याह्यांच्या पायाशी पसरलं आणि आपल्या गावासाठी बियाणं मागितलं.

सगुणाला सगळ्यांत आधी वाईट हाताची म्हणाली होती ती तिची आजेसासू. म्हातारी घरात गेली, बियाण्यानं भरलेलं सूप घेऊन आली आणि ते नातसुनेच्या हातात दिलं. तिच्याकडे बघायचं धैर्य म्हातारीला झालं नाही. सगुणानंच ते बापाच्या उपरण्यात ओतलं.

व्याही भला माणूस. तो म्हणाला, पाटील, सांजावल्यावर झाकल्या गाडीतून पोचवतो, तुमच्या गावाला कळायला नको. पाटलानं नको म्हणून मान हलवली. "कळू दे," म्हणाला.

ते गाठोडं त्यानं डोक्यावर घेतलं आणि दिवसाउजेडी आपल्या गावात शिरला. पाटील भिकाऱ्यासारखा बी मागून आणतो आहे, हे बघायला माणसं दारात आली. कुणी हसलं नाही. हसणार कोण? घरोघर लग्नाच्या लेकी होत्या.

त्या वर्षापासून हळदीच्या आधी प्रत्येकाच्या रानात जोंधळ्याचा एक पट्टा पेरला जाऊ लागला. व्यापाऱ्यानं नुकसान दाखवून दिलं, आणि ते खरंही होतं. लोकांनी ते सोसलं.

सगुणा पुढे सुखानं नांदली. सणासुदीला माहेरी यायची, बापाच्या शेजारी बसायची, हसून बोलायची. पाटील तिला हवं नको सगळं विचारायचा, पण मरेपर्यंत तिच्या डोळ्यांना डोळे भिडवू शकला नाही.

बाजारासाठी खुशाल पिकवावं, पण पोटाचं बी बाजाराच्या हवाली करू नये.